भाचीच्या पोटातली गाठ, मेंदूतला रिसेप्टर आणि माझा एक अडाणी प्रश्न

वायंडिंगवाला_मामा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं भटकंतीचे धागे वाचतो आणि गुपचूप निघून जातो. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. कराडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, मिक्सर, पंखे, जे जळेल ते. बावीस वर्षं झाली. म्हणजे विज्ञान आपल्याला कळतं ते तांब्याच्या तारेपुरतं.

प्रश्न भाचीचा आहे. वय १९, एस.वाय. बी.कॉम. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि पोरगी डोकं दुखतंय म्हणायला लागली. कणकण होती, चार-पाच दिवसांत गेली. मग झोप उडाली. एके रात्री दोन वाजता मांडणीवरची सगळी भांडी खाली घेऊन मोजत बसली. ताई उठून गेली तर म्हणते, "तू माझी आई नाहीस, ती कुठाय ते सांग." ताईनं मला फोन केला तेव्हा मागं वाट्यांचा आवाज येत होता, एक-दोन-तीन, परत एक-दोन-तीन.

शेजारीपाजारी म्हणाले बाहेरचं असणार. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. मी समोर होतो आणि काही बोललो नाही. ते मला अजून खातं. मग एका दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही. तिथं मानसिक म्हणून इंजेक्शनं चालू केली आणि पोरगी लाकडासारखी ताठ झाली. पण तोंड थांबेना. ओठ चावतेय, जीभ आत-बाहेर, गाल असे हलतायत की काहीतरी चघळतेय. बोलायला मात्र शब्द नाही. दोन वेळा फिट आली तेव्हा रातोरात पुण्याला हलवलं.

पुण्याच्या न्यूरोच्या मॅडम पाचेक मिनिटं नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, पाठीचं पाणी काढा आणि पोटाची सोनोग्राफी करा. मला वाटलं बाई दुसऱ्याच पेशंटचं बोलतायत. बिघाड डोक्यात आणि ह्या पोट उघडायला निघाल्या!

तर उजव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ निघाली. डर्मॉइड म्हणाले. ऑपरेशन करून काढली. आत केस, चरबी आणि एक दात. दात, खरंच. पाण्याचा रिपोर्ट आला, 'एनएमडीए रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह'. पुढं स्टेरॉइड, मग इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या, मग प्लाझ्मा बदलला, तरी हलेना म्हणून रिटुक्सिमॅब. ४१ दिवस आयसीयू, त्यातले सतरा व्हेंटिलेटरवर. जमिनीचा एक तुकडा गहाण पडला, ते असो.

जनरल वॉर्डात आणल्यावर चौथ्या दिवशी मी शेजारी स्टुलावर पेंगत होतो. वर बघत म्हणाली, "मामा, पंख्याचं बेरिंग गेलंय." लहानपणी सुट्टीत माझ्या दुकानात बसायची, तिथलं डोक्यात राहिलेलं. दोन महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. मी पंखा बंद करायला म्हणून उठलो आणि बाहेर जाऊन रडलो.

आता कॉलेजला जाते. चिडते जरा जास्त, झोपते फार, पण आमचीच पोरगी आहे.

माझा प्रश्न असा. पोटातली गाठ मेंदूत शॉर्ट कसा काय करते? मध्ये वायर कुठली? आणि दुसरं, आमच्या धंद्यात कॉइल एकदा जळाली की जळाली. वार्निशचा वास आला, मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) शून्यावर गेला, की तार कापून काढायची आणि नवी भरायची. ह्या रिसेप्टरांची वाट लागली होती असं डॉक्टर म्हणाले. मग ते भरून कसे आले? मेंदूत नवी तार कुणी घातली? मॅडमना विचारलं, पण त्यांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसलेली असतात.

तिसरं प्रश्न म्हणून नाही, पण आहे. गावात "तिला वेड लागलं होतं" असं झालंय. उद्या सोयरीक निघाली तर काय सांगायचं?

---

खवचट_खारूताई

मामा, तुम्ही आजवर वाचनमात्र का राहिलात? ते वाट्यांचं वाचून काटा आला. मला यातलं शून्य कळतं, त्यामुळे धागा वर काढण्यापुरती आले. @पेट्रीडिश, कुठे आहेस? तुझाच विषय आहे.

---

पेट्रीडिश

आले आले. इनक्युबेटरचा अलार्म वाजत होता. मामा (सगळे म्हणणारच आहेत तर मीही), मी मूळची सांगलीची, म्हणजे तुमची शेजारीण. सध्या बर्लिनला एका लॅबमध्ये आहे आणि गेली सहा वर्षं हाच रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीच्या अंगावरचं निरोप घेणारं दार, माझी भाकरी आहे.

तुमच्या रिपोर्टवर जे 'पॉझिटिव्ह' लिहिलंय ते ठरतं कसं, तिथून सुरू करते. आमच्याकडे एचईके २९३ नावाच्या पेशी असतात. मुळात मूत्रपिंडाच्या. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झाल्या, शास्त्रज्ञाचा २९३ वा प्रयोग म्हणून हा आकडा. मूत्रपिंडाला मेंदूच्या रिसेप्टरशी काय देणंघेणं? काहीच नाही, म्हणून तर त्या बऱ्या. त्यांच्यात एनएमडीए रिसेप्टरचा जनुक घालायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी त्या पेशी हा रिसेप्टर अंगावर मिरवायला लागतात. मग त्यांच्यावर पेशंटच्या पाठीच्या पाण्याचे थेंब टाकायचे. त्यात या रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी (रोगप्रतिकारशक्तीनं बनवलेलं, ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) असेल तर ती चिकटते. वरून हिरवा चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी, जी पहिलीला धरते. सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात पेशींच्या कडा हिरव्या पेटल्या की पॉझिटिव्ह. तुमच्या पुण्याच्या लॅबनं बहुधा तयार स्लाइड वापरली असेल, पण खेळ हाच.

यात एक भानगड आहे. हा रिसेप्टर अंगावर घेतलेल्या पेशी मरायला लागतात. कारण ज्या द्रवात आपण त्यांना वाढवतो त्यात ग्लुटामेट (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) असतं, त्यानं रिसेप्टरचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत घुसत राहतं. म्हणून त्या द्रवात केटामाइन टाकावं लागतं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच. ते दारात बोळा घालतं. तर मी रोज सकाळी मूत्रपिंडाच्या पेशींना भूल देते आणि त्याचा मला पगार मिळतो.

हे गमतीसाठी सांगितलं नाही. माणसाला केटामाइन दिलं की तो टक लावून बघतो, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असं त्याला वाटतं, नाही ते दिसतं, नंतर त्यातलं फारसं आठवत नाही. भाचीचे पहिले आठवडे आठवून बघा. रिसेप्टर औषधानं बंद केला काय आणि अँटिबॉडीनं गायब केला काय, मेंदूच्या बाजूनं परिणाम एकाच जातीचा.

आता रिसेप्टर म्हणजे काय. तुमच्या ओळखीतल्या कारखान्यात पॉवर प्रेस असेल. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, बरोबर? एनएमडीए रिसेप्टर तसा आहे. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट यायला हवं, हे एक बटण. आणि त्याच वेळी आपली पेशीही आधीच जागी, उत्तेजित असायला हवी, हे दुसरं. ती तशी नसेल तर दारात मॅग्नेशियमचा एक कण अडकून बसलेला असतो, तो हलत नाही. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तरच दार उघडतं. 'हे आणि ते एकत्र घडलं' हे मेंदूला असं कळतं, आणि आठवण तयार व्हायला हेच लागतं. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी उंदरांत हा रिसेप्टर औषधानं अडवला, तर गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठं आहे हे त्यांना शिकता येईना.

तुमची वायर. डर्मॉइड गाठ, आमच्या भाषेत टेराटोमा, ही सगळं काही बनवू शकणाऱ्या पेशींपासून होते. म्हणून केस, म्हणून दात. त्यात मेंदूसारखा ऊतकाचा तुकडाही असू शकतो आणि त्याच्यावर हाच रिसेप्टर. पोटात, भलत्या जागी. रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी तिथं येतात, त्यांना हा माल अनोळखी वाटतो, त्या त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला शिकतात. मग तोच माल मेंदूत सापडतो. वायर नाही मामा, वॉरंट म्हणा. चोर पोटात पकडला, फोटो काढला, आणि त्या फोटोवरून मेंदूतल्या निरपराध माणसांची धरपकड सुरू झाली.

हे कळलं कसं तर जोसेप डालमाउ नावाच्या स्पॅनिश डॉक्टरांमुळे. तेव्हा ते अमेरिकेत, फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. २००५ मध्ये त्यांच्या गटानं चार तरुण बायकांची हकीकत छापली. चौघींना अंडाशयाचा टेराटोमा, चौघींचं डोकं बिघडलेलं, श्वास मंदावलेला. अँटिबॉडी आहे एवढं दिसत होतं, पण ती कशाला चिकटते ते माहीत नव्हतं. २००७ मध्ये ते सापडलं. बारा बायका-मुली, वयं १४ ते ४४, आणि लक्ष्य एनएमडीए रिसेप्टर. म्हणजे तुमच्या भाचीचा जन्म झाला त्याच्या आसपास या आजाराला नुकतं नाव मिळत होतं. त्याआधीच्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार मी करायचं टाळते.

आणि आता जळालेल्या कॉइलचं. इथं तुमची उपमा अडते, आणि अडते तेच बरं आहे. कॉइल जळालीच नव्हती.

अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते, दोन हातांची. ती दोन हातांनी दोन रिसेप्टर धरते आणि जवळ ओढते. अशी जखडलेली जोडी दिसली की पेशी तिला भंगार समजते आणि आत ओढून घेते. अँटिबॉडीचा एकच हात कापून वापरला तर काय होतं हेही डालमाउंच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये करून बघितलं. एक हात रिसेप्टरला धरतो पण काही बिघडत नाही, रिसेप्टर जागेवरच राहतात. मग ते सुटे हात दुसऱ्या अँटिबॉडीनं एकमेकांना बांधले की लगेच रिसेप्टर गायब. म्हणजे दोष धरण्यात नाही, जोडी बांधण्यात आहे. मला हा प्रयोग फार आवडतो. इतक्या साध्या कात्रीनं इतकं मोठं उत्तर.

पेशी मात्र जिवंत. तिचं कारखान्याचं काम चालूच असतं, ती रोज नवे रिसेप्टर बनवून बाहेर मांडते आणि अँटिबॉडी ते उचलून आत टाकायला लावते. अँटिबॉडी काढून टाकली की काचेच्या ताटलीतल्या पेशींवर काही दिवसांत रिसेप्टर परत दिसायला लागतात. २०१५ मध्ये बार्सिलोनात (डालमाउ तोवर तिकडे परतले होते) उंदरांच्या मेंदूत रुग्णांच्या पाठीचं पाणी चौदा दिवस थेंबथेंब सोडलं. उंदीर विसरभोळे झाले, गोड पाण्यातही त्यांना रस वाटेना. पंप थांबवल्यावर हळूहळू मूळ पदावर आले. नवी तार कुणी घातली नाही, मामा. दुकान तिचंच, कारागीरही तिचेच, फक्त उचलेगिरी थांबली.

मग ४१ दिवस का लागले, तर ताटलीत अँटिबॉडी धुऊन टाकता येते, माणसाच्या मेंदूत नाही. ती बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या आवरणांपाशीच ठाण मांडून बसतात. प्लाझ्मा बदलून रक्त स्वच्छ होतं, पण आतला कारखाना चालूच राहतो. म्हणून रिटुक्सिमॅब, ते त्या पेशींच्या आधीच्या पिढीला, बी पेशींना, संपवतं.

अवांतर: बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात क्नूट नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, जगप्रसिद्ध. १९ मार्च २०११ ला शेकडो लोकांसमोर त्याला झटका आला, ते तळ्यात पडलं आणि बुडून मेलं. चार वर्षांचं होतं. मेंदूला सूज होती, जंतू सापडेना. २०१५ मध्ये हाराल्ड प्रूस आणि सहकाऱ्यांनी त्याचं जपून ठेवलेलं पाठीचं पाणी तपासलं. एनएमडीए रिसेप्टर अँटिबॉडी. माणसाबाहेर हा आजार पहिल्यांदा सापडला तो असा. त्याची कातडी चढवलेला पुतळा इथल्या निसर्ग-संग्रहालयानं जतन केलाय. आई-बाबा आले होते तेव्हा दाखवायला नेलं. आई म्हणाली, "अगं, यालाही कुणी वेळेवर पाणी काढलं असतं तर."

---

सावजी_रस्सा

पेट्रीडिश यांच्या प्रतिसादाला +१. मी नागपूरला मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं थोडं.

हा धागा वाचून कुणी आपल्या घरातल्या प्रत्येक मानसिक रुग्णाला पाठीचं पाणी काढायला नेऊ नका. बहुतेकांना हा आजार नसतो. पण काही खुणा दिसल्या तर आम्ही डॉक्टरांनी थांबायला हवं. तरुण माणूस, आधी काहीही नाही, आधी ताप-डोकेदुखी आणि मग दिवसा-आठवड्यांत झपाट्यानं वाढलेला बिघाड. झोप पूर्ण उडणं. बोलणं आटत जाणं. फिट. आणि मामांनी लिहिलंय ते तोंड. २००८ साली डालमाउंनी १०० रुग्णांची माहिती छापली, त्यात ८६ जणांना अशा नको त्या हालचाली होत्या आणि ७६ जणांना फिट. नेहमीच्या मानसिक औषधांनी पेशंट ताठ व्हायला लागला तर ती आणखी एक खूण. एमआरआय नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नये, यात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, मात्र बहुधा काहीतरी सांगतो.

मामा, तुमच्या पहिल्या दवाखान्यावर मी दगड मारणार नाही. मी रेसिडेंट असताना आमच्याकडे एक मुलगी आली होती, वीसेक वर्षांची, जबडा सतत हलायचा. आम्ही तो औषधाचा दुष्परिणाम म्हणून लिहिला, डोस कमी केला, परत वाढवला. तपासणी कुणाच्या डोक्यातही आली नाही. तिच्या जबड्याची ती हालचाल मला आजही करून दाखवता येईल. दाखवत नाही कुणाला.

सोयरिकीचं. तिला मेंदूचा स्वप्रतिकारक आजार झाला होता, अंडाशयातल्या गाठीमुळे, गाठ काढली, उपचार झाले. हे खरं आहे आणि एवढंच आहे. कावीळ झाली होती हे जसं सांगाल तसं सांगा. फाईल जपून ठेवा, लपवून नको.

---

वायंडिंगवाला_मामा

दोघांचे आभार मानायला शब्द नाहीत. पेट्रीडिशताई, तुमचं मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचा कारागीर पवार प्रेसचं ऐकून म्हणाला, "म्हणजे एक बटण टेप लावून दाबून ठेवल्यासारखं झालं असतं तर बोटं गेली असती." मी म्हटलं हो, तसल्याच पेशींना ताई भूल देतात.

'जळालीच नव्हती' हे मी ताईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मग त्या दिवसांत ती आतच होती का? मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर बघा.

एक नवलाची गोष्ट. आधी व्हेंटिलेटर सुटला, मग तोंडाची हालचाल थांबली, मग बोलायला लागली, शेवटी शेवटी ते हट्ट आणि चिडणं राहिलं. म्हणजे आलं तसं उलटं गेलं. असं असतं का, की आमचंच?

आणि परत होतं का हे? विचारायला भीती वाटते, पण विचारतो.

---

काठावरचा_काका

माझ्या काळच्या पुस्तकात मेंदू हा रोगप्रतिकारशक्तीला बंद असलेला भाग होता. रक्त आणि मेंदू यांच्यात भिंत, शिपायांना आत मज्जाव. शिक्षक म्हणून मी तीस वर्षं तेच शिकवलं. मग या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी आत जाऊन ठाण मांडतात म्हणजे काय? मी खोटं शिकवलं का?

---

पेट्रीडिश

काका, तुम्ही त्या काळचं शिकवलं. भिंत आहे, पण तिला खिडक्या निघाल्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात आणि फिनलंडमध्ये, दोन वेगळ्या गटांनी, उंदराच्या मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या (प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) दाखवल्या. त्या तिथं नसतातच असं सगळे धरून चालले होते. प्रतिकारशक्तीच्या पेशी आवरणांत कायम पहाऱ्याला असतात, आणि दाह असला की आतही शिरतात.

पण मी या विषयात आले ती एका जुन्या गोष्टीमुळे. कार्ला शॅट्झ नावाच्या बाई आहेत, डोळ्यापासून मेंदूपर्यंतची जोडणी जन्माआधी कशी पक्की होते हे शोधणाऱ्या. पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच मेंदूत विजेचे ठोके सुरू असतात आणि त्यांनीच तारा जुळतात. मामा, हे तुमच्यासाठी. त्यांनी ते ठोके औषधानं बंद पाडले आणि बघितलं की कुठला जनुक मंदावतो. तारा जोडणारा कुठलातरी ओळखीचा जनुक सापडेल असं वाटत होतं. सापडला एमएचसी वर्ग एक. काका, तुम्ही तो शिकवला असेल. पेशीनं 'मी तुझ्यातलीच' असं शिपायाला दाखवायचं ओळखपत्र. चेतापेशींत ते नसतं असं तेव्हा पक्कं धरलं जायचं. १९९८ साली हे छापून आलं आणि अनेकांनी नाकं मुरडली.

त्यांनी सोडलं नाही. २००० मध्ये दाखवलं की हे ओळखपत्र नीट बनत नसलेल्या उंदरांत डोळ्याच्या जास्तीच्या जोडण्या छाटल्याच जात नाहीत. २००६ मध्ये ते ओळखपत्र वाचणारा रिसेप्टरही चेतापेशींवर सापडला, नाव पिर-बी. पुढं २०१३ मध्ये दिसलं की अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन त्याच रिसेप्टरला चिकटतं. म्हणजे शिपायांची भाषा मेंदूला आधीपासून येत होती, तो ती स्वतःच्या कामाला वापरत होता. मी एम.एस्सी.ला असताना हे वाचलं आणि जैवतंत्रज्ञानातली बरी नोकरी सोडून पीएच.डी.ला पळाले. बाबा अजून त्या पगाराचा आकडा सांगतात.

मामा, तुमचं. उलट्या क्रमानं जाणं हे तुमचं एकट्याचं नाही, तसंच असतं, डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. चिडणं आणि झोप शेवटी जातात, त्याला कित्येक महिने लागू शकतात. परत होऊ शकतं. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात दोन वर्षांत साधारण १२ टक्के लोकांना परत झालं. गाठ असलेल्यांपेक्षा गाठ नसलेल्यांना ते जास्त. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ८१ टक्के लोक चांगल्या स्थितीत होते. सोनोग्राफी मॅडम सांगतील तोवर करत राहा. आणि झोप अचानक उडाली, वागणं बदललं, तर गावातल्या कुणाचं न ऐकता थेट पुणे गाठा.

'ती आतच होती का' याचं उत्तर माझ्या सूक्ष्मदर्शकात नाही. बहुतेकांना ते दिवस आठवत नाहीत एवढं सांगता येतं, कारण आठवण लिहायला लागणारा रिसेप्टरच तेव्हा जागेवर नसतो.

---

वायंडिंगवाला_मामा

मामाच्या आयडीवरून मी लिहितेय. तीच, वाट्यावाली. मामा जेवायला गेलाय, फोन काउंटरवर राहिला.

सगळं वाचलं. मला दिवाळीचा फराळ आठवतो, चकली जळाली होती ते आठवतं, त्यानंतर थेट जनरल वॉर्ड. मधलं काहीच नाही. आईला मी काय बोलले ते मला सगळ्यांनी सांगितलंय. ते दुसऱ्याच कुणाचं ऐकल्यासारखं वाटतं, तरी मी तिची माफी मागितली. आत होते का, तर माहीत नाही. मला तरी भेटले नाही मी.

पेट्रीडिशताई, त्या हिरव्या पेशींचा फोटो असेल तर टाकाल का? माझ्या पाण्याचा नाही मिळणार, माहीत आहे. कुणाचाही चालेल. दात मागितला होता, दिला नाही त्यांनी.

आणि ते बेरिंगचं वाक्य मला आठवत नाही. म्हणाले असेन. पण नंतर मी त्या पंख्याखाली तीन आठवडे झोपून होते आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बेरिंग नव्हतं गेलं. वरचा कप सैल होता, तो रॉडवर घासून वाजत होता. मामाला हे कळायला हवं होतं.